लेखनातील खंड आणि त्याची कारणे : ई. एम. फॉर्स्टर यांचे उदाहरण

वाङ्मयचर्चेत ‘स्फूर्ती आटली’, ‘प्रतिभा ओसरली’ हे शब्दप्रयोग आपण फार सहजपणे करतो. एखाद्या कादंबरीकाराच्या दोन ग्रंथांच्या प्रकाशनवर्षांत मोठे अंतर दिसले, की त्याचे कारण म्हणून हेच शब्द पुढे केले जातात. परंतु त्यांनी कशाचाच उलगडा होत नाही. लेखन थांबणे ही एकच एक अवस्था नव्हे. तिच्या मुळाशी परस्परांहून भिन्न अशी कारणे असतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) यांचे लेखनजीवन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण आपले लेखन कोठे व का अडले, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

१९०५ ते १९१० या काळात फॉर्स्टर यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पाचवी, ‘ए पॅसेज टु इंडिया’, १९२४ मध्ये आली. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले. निबंध, चरित्रे, व्याख्याने त्यांनी लिहिली. परंतु नवी कादंबरी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. प्रकाशनसूची पाहणाऱ्यास १४ वर्षांचा एक खंड आणि पुढचे दीर्घ मौन एवढेच दिसते. हस्तलिखितांकडे वळले म्हणजे मात्र त्या १४ वर्षांत तीन कादंबऱ्या हाती घेतलेल्या आढळतात, आणि तिन्हींची गत निराळी आहे.

पहिली ‘आर्क्टिक समर’. सुसंस्कृत मनुष्य आणि वीरवृत्तीचा मनुष्य यांतील विरोध हा तिचा विषय होता. पण त्या विरोधातून कोणती प्रमुख घटना उद्भवावयाची, हे ठरलेले नव्हते. कथेच्या वाटेवर पुढे एखादा डोंगर दिसत असला पाहिजे, मग वाट त्याला वळसा घालून जावो वा त्याच्या पोटातून जावो, अशा आशयाचा दृष्टान्त फॉर्स्टर यांनी पुढे एका मुलाखतीत दिला आहे. येथे तो डोंगरच नव्हता. ही कादंबरी अपुरीच राहिली.

दुसरी ‘मॉरिस’. १९१३ मध्ये एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताच्या घरी गेले असता तिची कल्पना त्यांना एका क्षणात सुचली आणि १९१४ मध्ये ती लिहून झाली. परंतु दोन पुरुषांमधील प्रेम व त्याचा सुखान्त हा तिचा विषय. आणि इंग्लंडच्या कायद्याने असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा मानले. ती १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. म्हणजे सूचीवरून जी वर्षे स्फूर्तिहीन भासतात, त्याच वर्षांत स्फूर्तीचे इतके निखळ उदाहरण घडले होते.

तिसरी ‘ए पॅसेज टु इंडिया’. १९१२-१३ मधील पहिल्या हिंदुस्थानयात्रेत फॉर्स्टर यांनी बिहारमधील बराबर येथील गुंफा पाहिल्या आणि १९१३ मध्ये लेखनास आरंभ केला. गुंफांत काही महत्त्वाचे घडणार व तेच कथेचे केंद्र होणार, हे त्यांना ठाऊक होते. काय घडणार, ते ठाऊक नव्हते. डोंगर होता, वाट नव्हती. १९२१ मध्ये ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून पुन्हा येथे आले. आरंभीची प्रकरणे त्यांनी सोबत आणली होती. पण वर्ण्य देश समोर येताच ती कोमेजून निर्जीव झाली, असे त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या ग्रंथात म्हटले आहे. आठवणीतला देश आणि डोळ्यांपुढचा देश यांत फार मोठी दरी होती. इंग्लंडला परतल्यावर ती अरुंद झाली. लेनर्ड वुल्फ यांच्या आग्रहाने लेखन पुन्हा सुरू झाले आणि १९२४ च्या जानेवारीत संपले.

देवासचा काळ मात्र वाया गेला नाही. त्या मराठा दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरला. प्राध्यापक गोडबोले त्यात कीर्तनात रंगलेले दिसतात आणि तुकारामांचा नामघोष ऐकू येतो. जो अनुभव घेताना लेखणी चालत नव्हती, त्यानेच ग्रंथाला शेवट दिला.

१९२४ नंतरचे मौन या तिन्हींशी जोडून पाहावे लागते. स्त्रीपुरुषप्रेम या एकाच विषयावर लिहिण्याची आपणास मुभा आहे आणि त्याचा आपणास शीण आला आहे, अशी नोंद त्यांच्या १९११ च्या दैनंदिनीत आहे. आपल्या परिचयाचे घरगुती, शांत जग पालटले आणि नव्या जगाला कादंबरीत रूप देता आले नाही, असेही ते उत्तरायुष्यात म्हणत.

यावरून अभ्यासकाने लेखनखंडाविषयी तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. प्रमुख घटना लेखकाला दिसली होती काय? अनुभव आणि लेखन यांत पुरेसे अंतर पडले होते काय? आणि जे सुचले ते प्रसिद्ध करण्याची मोकळीक होती काय? घटनाच दिसलेली नसेल, तर नुसत्या चिकाटीने काम भागत नाही. अंतर कमी असेल, तर थांबणे हेच लेखनाचे अंग ठरते. मोकळीक नसेल, तर दोष प्रतिभेचा नसून समाजाचा असतो.

मराठी कादंबरीकारांचा अभ्यास करतानाही केवळ प्रकाशनवर्षांवर विसंबून चालणार नाही. पत्रे, दैनंदिन्या, टाकून दिलेली प्रकरणे यांचे जतन व्हावयास हवे. फॉर्स्टर यांनी १९२२ मध्ये आपल्या काही अप्रकाशित कथा जाळून टाकल्या. त्यांत ‘मॉरिस’ही गेली असती, तर १९१३-१४ ही वर्षे वाङ्मयेतिहासात आजही रिकामी दिसली असती.