परदेशात राहायला गेल्यावर पहिले काही दिवस : कुटुंबाच्या तब्येतीची काळजी कशी घ्यावी?

चाकणला २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. आज निगडी, चिंचवड, मोशी, भोसरी या भागांत 'मुलगा जर्मनीला असतो' हे वाक्य नवे राहिलेले नाही. कुणी दोन-तीन वर्षांसाठी जाते, कुणी कायमचे. निघण्यापूर्वी अशी कुटुंबे दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "डॉक्टर, कोणकोणत्या गोळ्या बरोबर नेऊ?"

प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. तिथे गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत सगळेच थकलेले असतात. झोप मोडते, भूक लागत नाही, मूल किरकिर करते, कुणाला सर्दी होते. यातले बहुतेक आपोआप बरे होते. मात्र काही तक्रारी अशा असतात की 'प्रवासाचा शीण असेल' म्हणून सोडून दिल्यास जिवावर बेतू शकते. हा फरक कसा ओळखायचा आणि आजारी पडण्याआधीच कोणती तयारी करून ठेवायची, ते या लेखात पाहू. उदाहरण जर्मनीचे घेतले आहे. दुसऱ्या देशात नियम आणि फोन क्रमांक बदलतील, शरीराच्या गोष्टी त्याच राहतील.

निघण्यापूर्वी : औषधांची आणि कागदांची फाइल

- औषधे : जर्मनीत जाताना स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिने पुरतील एवढी औषधे नेता येतात. ती मूळ वेष्टनात ठेवा.
- डॉक्टरांचे पत्र : आजार, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहून घ्या. 'डोलो' किंवा 'क्रोसिन' ही नावे तिथे कुणाला कळणार नाहीत, 'पॅरासिटामॉल' कळेल. मधुमेह आणि रक्तदाबाच्या आपल्याकडच्या अनेक गोळ्यांमध्ये दोन-तीन औषधे एकत्र असतात. तशीच गोळी तिथे मिळेलच असे नाही, म्हणून प्रत्येक घटक वेगळा लिहिलेला हवा.
- इन्सुलिन : हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. जाताना तुमचा दिवस साडेतीन ते साडेचार तासांनी लांबतो. त्या दिवशीचे इन्सुलिन केव्हा आणि किती घ्यायचे, हे आधीच विचारून ठेवा.
- झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या : यांना वेगळे, कडक नियम आहेत. आधी चौकशी करा, चिठ्ठीशिवाय नेऊ नका.
- लसीकरण कार्ड : मुलांचे मूळ कार्ड बरोबर हवे. हाताने लिहिलेल्या तारखा पुसट असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, सहीशिक्क्यासह लिहून घ्या.
- जुने अहवाल : ईसीजी, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, चष्म्याचा नंबर, ॲलर्जीची नोंद.

एक सूचना जेवणाच्या डब्याबद्दल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रवाशांना भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आजीने कढवलेले तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. तान्ह्या बाळाची दूधपावडर मात्र सीलबंद डब्यात, प्रत्येकी २ किलोपर्यंत नेता येते.

पहिले तीन-चार दिवस : झोपेचे घड्याळ

हिवाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास. त्यामुळे तिथे संध्याकाळचे सात वाजले, की शरीराला रात्रीचे साडेअकरा वाटतात आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. हा आजार नाही. शरीरातले घड्याळ रोज साधारण एक तासाने सरकते, म्हणून मोठ्यांना चार-पाच दिवस आणि लहान मुलांना आठवडाभर लागू शकतो.

- पहिल्या दिवसापासून जेवणाच्या वेळा तिथल्या घड्याळाप्रमाणे ठेवा.
- दुपारनंतर आणि संध्याकाळी उजेडात बाहेर फिरा. रात्री नऊपर्यंत जागे राहण्याचा प्रयत्न करा.
- दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.
- पहाटे जाग आली तर मोठे दिवे आणि मोबाइल लावू नका.
- मुलाला झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचे सिरप कधीही देऊ नका.

आठवडा-दहा दिवसांनंतरही झोप लागत नसेल, तर कारण घड्याळाचे नाही. त्याबद्दल पुढे पाहू.

प्रवासानंतरची पायाची सूज : कधी घाबरायचे?

चिंचवडहून मुंबई विमानतळापर्यंत तीन-चार तास, विमानात आठ-नऊ तास आणि पुढे पुन्हा रेल्वे. एवढे बसून राहिल्यावर दोन्ही पावले थोडी सुजतात आणि एक-दोन दिवसांत उतरतात. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लालसर वाटली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. हे प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत होऊ शकते. ती गुठळी फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो किंवा छातीत दुखते. अशा वेळी वाट न पाहता ११२ ला फोन करा.

गरोदर स्त्रिया, नुकतीच प्रसूती किंवा शस्त्रक्रिया झालेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि पूर्वी गुठळी झालेले यांना धोका अधिक असतो. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी प्रवासात तासा-दीड तासाने उठून चालावे आणि पुरेसे पाणी प्यावे.

ताप आला तर हे वाक्य विसरू नका

तिथे पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना सर्वात आधी सांगा : "आम्ही अमुक तारखेला भारतातून आलो." डेंग्यूची लक्षणे डास चावल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, टायफॉइडची एक ते तीन आठवड्यांनी आणि मलेरियाची काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही दिसू शकतात. पिंपरीतल्या डॉक्टरांना पावसाळ्यात तापाचा रुग्ण पाहताच मलेरिया आणि डेंग्यू आठवतात. जर्मनीतल्या डॉक्टरांपुढे असे रुग्ण क्वचित येतात. तुम्ही सांगितले नाही, तर रक्ततपासणीला उशीर होऊ शकतो. तीन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे असेल, तर क्षयरोगाच्या तपासणीसाठीही हे वाक्य महत्त्वाचे आहे.

तिथला थर्मामीटर सेल्सिअसमध्ये असतो. ३८ म्हणजे आपले १००.४, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. रक्तातील साखरही काही ठिकाणी वेगळ्या एककात देतात. अहवालात १० असा आकडा आणि पुढे मिलीमोल लिहिले असेल, तर १८ ने गुणा : आपली १८० झाली.

आजारी पडण्याआधी डॉक्टर शोधा

चिंचवडला रात्री नऊ वाजता मुलाला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाता येते. जर्मनीत तसे नसते. तिथे आधी कुटुंबाचा डॉक्टर, म्हणजे 'हाउसआर्झ्ट', ठरवावा लागतो आणि वेळ घेऊन जावे लागते. काही डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. म्हणून घरात सगळे ठणठणीत असतानाच, पहिल्या एक-दोन आठवड्यांत, मोठ्यांसाठी हाउसआर्झ्ट आणि मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ शोधून ठेवा. रोजच्या गोळ्या चालू असतील तर पहिली भेट लगेच ठरवा. नेलेला साठा संपत आल्यावर धावपळ नको.

- ११२ : जिवाला धोका असेल तेव्हा. छातीत दुखणे, श्वास लागणे, बेशुद्धी, आकडी, अर्धांगवायूची लक्षणे, मोठा रक्तस्राव.
- ११६११७ : दवाखाने बंद असताना, थांबण्यासारखे नाही पण जिवावरचेही नाही, अशा वेळी.
- 'आपोथेके' : औषधाचे दुकान. लाल रंगाच्या मोठ्या 'ए' अक्षरावरून ओळखता येते. रविवारी बहुतेक बंद असतात, पण भागातले एखादे पाळीने उघडे असते.

साध्या सर्दीसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलात, तर तासन्‌तास बसावे लागेल.

विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. त्याआधीच्या दिवसांसाठी वेगळा विमा घ्या आणि त्यात जुने आजार धरले आहेत का, ते वाचा. सरकारी पद्धतीच्या विम्यात, कमाई नसलेला जोडीदार आणि मुले जादा हप्ता न भरता सामील होतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. कार्ड यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर विमा कंपनीकडून सदस्यत्वाचे पत्र मागून घ्या.

'साधी चिठ्ठीसुद्धा दिली नाही'

ही तक्रार फोनवर हमखास ऐकू येते. मुलाला ताप, वाहते नाक, आणि डॉक्टरांनी फक्त विश्रांती, पाणी आणि लागेल तसे पॅरासिटामॉल सांगितले. यात हलगर्जीपणा नाही. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंमुळे येतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. पण ते पेनिसिलिनही जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. इथून नेलेले उरलेसुरले अँटिबायोटिक मनाने देऊ नका.

पाळणाघरात किंवा शाळेत घातल्यावर पहिल्या वर्षी लहान मुले वारंवार आजारी पडतात. हे अपेक्षित आहे. पण तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ च्या वर ताप, श्वास जोरात चालणे, पाणी न पिणे, लघवी कमी होणे, गुंगी किंवा दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर लगेच डॉक्टर गाठा.

मुलांच्या लसी

जर्मनीत मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत प्रवेशासाठी गोवरच्या लसीचा पुरावा लागतो : एक वर्ष पूर्ण झाल्यावर किमान एक डोस, दोन वर्षांनंतर दोन. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते. गालगुंडाची लस त्यात नसते. त्यामुळे तिथले डॉक्टर आणखी एखादा डोस सुचवू शकतात. त्याने अपाय होत नाही. बीसीजी तिथे १९९८ पासून नेहमीच्या लसीकरणात नाही, म्हणून दंडावरचा व्रण कशाचा, ते सांगून ठेवा.

उजेड, हवा आणि 'ड' जीवनसत्त्व

पुण्यात डिसेंबरमध्येही सुमारे ११ तासांचा दिवस असतो. जर्मनीत तो जेमतेम आठ तासांचा असतो आणि त्यातही ढग. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून त्वचेत पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर ऊन अधिक लागते. रक्ततपासणी आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा. बाळाला थेंब चालू असतील तर बंद करू नका. खोल्या तापवल्यामुळे हवा कोरडी होते. त्वचेला खाज सुटणे, ओठ फुटणे, नाकातून थोडे रक्त येणे त्यामुळेच होते. आंघोळीनंतर तेल किंवा मलम लावा आणि दिवसातून दोन-तीनदा खिडक्या उघडा.

मनाची तब्येत

नोकरीवर जाणाऱ्याला सहकारी मिळतात. घरी राहणाऱ्या जोडीदाराला, बहुतेक वेळा पत्नीला, भिंती मिळतात. तिने स्वतःची नोकरी सोडलेली असते, भाषा येत नसते, रविवारी दुकाने बंद आणि रस्ता शांत. नवलाई ओसरल्यावर रडू येणे, चिडचिड होणे, 'उगाच आलो' वाटणे साहजिक आहे. रोज ठरावीक वेळी बाहेर पडणे, भाषेचा वर्ग, जवळच्या महाराष्ट्र मंडळाशी ओळख यांनी फरक पडतो. नवऱ्याने "सवय होईल" एवढेच म्हणून विषय संपवू नये. रोज अर्धा तास बसून ऐकावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक, दिवसाचा बराच वेळ राहिली, झोप-भूक गेली, कशातच रस उरला नाही, तर ते नैराश्य असू शकते. बाळंतपणाला वर्ष झालेले नसेल तर विशेष लक्ष द्या. हाउसआर्झ्टला स्पष्ट सांगा. यावर चांगले उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि ११२ ला फोन करा.

मुलेही बदलतात. अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, शाळेत काही आठवडे गप्प राहणे, हे बहुधा तात्पुरते असते. घरी मराठी बोलणे थांबवू नका. आईबाबांच्या भाषेमुळे नवी भाषा मागे पडत नाही. मूल मराठीही बोलेनासे झाले, तर मात्र तपासणी करून घ्या.

मागे राहिलेल्यांसाठी

हा लेख चिंचवडमधले आजी-आजोबा वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जर्मनीतल्या रात्री नऊच्या फोनसाठी हिवाळ्यात इथे दीड वाजेपर्यंत जागू नका. तिथली दुपारी साडेतीन म्हणजे इथली रात्री आठ. ती वेळ ठरवा. आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या तपासणीला आता कोण घेऊन जाईल, रात्री-अपरात्री कुणाला हाक मारायची, हे मुले निघण्यापूर्वी ठरवून त्या माणसाचा नंबर फोनजवळ लिहून ठेवा.

थोडक्यात

- झोप, भूक, किरकिर : आठवडाभर वाट पाहा.
- एका पायाची सूज, दम लागणे, छातीत दुखणे : वाट पाहू नका.
- ताप : 'भारतातून आलो' हे सांगा.
- डॉक्टर : आजारी पडण्याआधी शोधा.
- उदासी : दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर बोला.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. स्वतःच्या आजाराबद्दल आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)