मिरजेचा तानपुरा सातासमुद्रापार

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा परवा व्हिडिओ कॉल आला. रविवारच्या मराठी शाळेत त्या मुलांना शिकवतात, गाणीही बसवून घेतात. "दादा, तानपुरा झणकारतच नाही हो!"

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. तिथल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांत आया पुष्कळ, त्याही नोकरी सांभाळून. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असताना मुलांनी खरी तार ऐकावी, हा त्यांचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

कॅमेरा घोडीजवळ न्यायला सांगितला. तारेखालचा जवारीचा दोरा निसटला होता. तो केसभर पुढेमागे सरकवत तार छेडत राहायची. नेमक्या जागी आवाज एकदम खुलतो. ताईंच्या मुलीनेच जागा पकडली!

तिकडे थंडीत हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, तडे जातात. तानपुरा हीटरपासून लांब ठेवा, खोलीत ह्युमिडिफायर लावा. विमानाने नेताना तारा सैल करा.

आपल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मागवताना गाणाऱ्याची पट्टी आधी कळवा. बायकांसाठी साधारण काळी चार-पाच.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, तारेचा फोटोही टाका.