कॅलेंडरवरच्या नोंदी आणि बाळाची वाटचाल

लहान बाळाला दवाखान्यात आणणाऱ्या आयांच्या पिशवीत सहसा लसीकरणाचे कार्ड, दुपटे आणि एखादा खुळखुळा असतो. काही वर्षांपूर्वी एक आई मात्र भिंतीवरची दोन कॅलेंडरे गुंडाळी करून घेऊन आली. एक मागच्या वर्षाचे, एक चालू वर्षाचे. मुलगी दहा महिन्यांची, गुटगुटीत, हसरी. सोबत सासूबाई होत्या.

कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचा हिशेब होता, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा होत्या आणि त्यांच्या मधेमधे बारीक अक्षरात लिहिले होते : ‘आज माझ्याकडे बघून हसली.’ ‘मान धरली.’ ‘पालथी पडली.’ ‘आधाराशिवाय बसली.’ सगळे कसे वेळच्या वेळी. शेवटच्या तीन महिन्यांतल्या नोंदी मात्र वेगळ्या होत्या. ‘ताट पडले, दचकली नाही.’ ‘मागून हाक मारली, वळली नाही.’ ‘शेजारचा बाळ बाबाबा करतो, ही करत नाही.’

सासूबाई म्हणाल्या, “अहो डॉक्टरसाहेब, हिचा बाप अडीच वर्षांपर्यंत बोलला नव्हता. आता ग्रामसभेत बोलायला उभा राहिला की खाली बसत नाही. सूनबाई उगीच जिवाला घोर लावून घेते.”

त्या मुलीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी, या आईने जे केले ते प्रत्येक घरात कसे करता येईल ते पाहू.

क्रम ठरलेला, वेळ मात्र लवचीक

बाळाचे वजन वाढणे म्हणजे वाढ आणि बाळाला नवनवीन गोष्टी करता येऊ लागणे म्हणजे विकास. आपल्याकडे वजनाकडे सर्वांचे लक्ष असते, विकासाकडे तेवढे नसते. गुटगुटीत बाळाचाही विकास मागे असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

विकास डोक्याकडून पायाकडे होत जातो. आधी मान सावरते, मग पाठ, मग पाय. हाताचेही तसेच. आधी संपूर्ण पंजाने वस्तू धरली जाते, नंतर अंगठा व तर्जनीच्या चिमटीत. हा क्रम साधारण ठरलेला असतो, पण वेळ प्रत्येक बाळाची निराळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की आधाराशिवाय चालणे हे साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होते. रांगण्याची वेळ तर सव्वापाच ते साडेतेरा महिने अशी पसरलेली होती आणि शंभरातील सुमारे चार मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा ‘नणंदेचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला, आमचा तेराव्यात नुसता उभा राहतो’ म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचा हिशेब वेगळा करावा. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवावी. ही वजाबाकी दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत करावी.

पहिले सहा महिने

दीड-दोन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून हसते. झोपेतल्या हसण्याला घरातली मोठी माणसे सटवाई हसवते म्हणतात, ते हे नव्हे. हे ओळखीचे, उत्तरादाखल हसू असते. तीन-चार महिन्यांत मान स्थिर होते, मुठी उघडतात, बाळ स्वतःचे हात निरखते. मग ते कुशीवर वळते, पालथे पडते, समोर धरलेल्या खुळखुळ्याकडे हात नेते.

बाळाला झोपवताना पाठीवरच झोपवावे. पण ते जागे असताना आणि आपण समोर असताना रोज थोडा वेळ सतरंजीवर पालथे ठेवावे. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होतात.

सहा महिने ते एक वर्ष

सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू होते, उष्टावण होते. याच सुमारास बाळ हाताचा टेकू घेऊन आणि पुढे टेकूविना बसू लागते. आठव्या-नवव्या महिन्यात ते परक्या माणसाला पाहून रडते. पाहुण्यांना वाईट वाटते, पण ही प्रगतीची खूण आहे. आपले कोण व परके कोण हे त्याला कळू लागले. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ केले की ते खिदळते, कारण दिसेनाशी झालेली वस्तूही असते, हे त्याला उमगू लागलेले असते. जमिनीवरचा मुरमुरा चिमटीत उचलणे, टाळ्या वाजवणे, टाटा करणे, नावाने हाक मारली की बघणे हे सारे वर्षाच्या आत-बाहेर येते.

याच काळात एक गोष्ट कानांनी टिपायची असते. पहिले काही महिने बाळ ‘अऽ’, ‘ऊऽ’ असे आवाज काढते. ते कानाने ऐकू न येणारे बाळही काढते आणि म्हणूनच घरच्यांची फसगत होते. पुढे सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची माळ सुरू व्हायला हवी. ही माळ बाळ आपले व दुसऱ्याचे बोलणे ऐकूनच ओवते. ऐकूच येत नसेल, तर ती वेळेवर येत नाही.

एक ते तीन वर्षे

वाढदिवसाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो. पण शब्दाइतकेच महत्त्वाचे असते ते बोट. ‘ते बघ, चिऊ’ अशा अर्थाने मूल बोटाने दाखवते आणि आपण बघितले का म्हणून आपल्या तोंडाकडे पाहते. आपला आनंद दुसऱ्याला सांगायची ही पहिली खटपट आहे. दीड वर्षाचे मूल चालते, पेल्याने पिण्याची खटपट करते, ‘चेंडू आण’ म्हटले की आणते, नाक-डोळे दाखवते. दोन वर्षांचे मूल पळते, चेंडूला लाथ मारते आणि दोन शब्द जोडून बोलते. ‘आई ये’, ‘दूदू दे’ एवढे पुरे. मात्र ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवणे यात धरू नये. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये येतात आणि परक्या माणसालाही त्याचे बरेचसे बोलणे समजते. याच वयात हट्ट, लोळण घेणे, ‘माझं माझं’ करणे हेही येते. तोही विकासच आहे, वाया गेलेले मूल नव्हे.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

पुढीलपैकी काहीही आढळले तर ‘होईल आपोआप’ म्हणून वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

• तीन महिने झाले तरी हसून प्रतिसाद नाही, नजर एका जागी ठरत नाही.
• पाचव्या महिन्यातही मान लटपटते, मुठी सतत आवळलेल्या राहतात.
• नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
• दहा महिने झाले तरी ‘बाबाबा’सारखे आवाज नाहीत किंवा आवाजाकडे वळत नाही.
• वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरते. डावरे-उजवेपणा इतक्या लवकर ठरत नाही. दुसऱ्या हातात जोर कमी असू शकतो.
• सव्वा वर्ष उलटूनही नावाला ओ देत नाही, बोटाने काही दाखवत नाही, नजरेला नजर देत नाही.
• दीड वर्ष झाले तरी आधाराशिवाय चालत नाही किंवा एकही शब्द नाही.
• दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडत नाही.
• कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट करायचे मूल विसरले.

यातील शेवटची खूण सर्वांत गंभीर. चार शब्द बोलणारे मूल अबोल झाले किंवा बसणारे मूल कोसळू लागले, तर त्याच आठवड्यात तपासणी करावी.

काही समजुती

‘मुलगे उशिराच बोलतात.’ मुलगे मुलींपेक्षा किंचित मागे असतात हे खरे, पण तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे. वर दिलेल्या मर्यादा दोघांनाही सारख्याच लागू आहेत.

‘वेखंड मधात उगाळून जिभेला लावले की वाचा फुटते.’ वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. ‘जीभ चिकटलेली आहे, ती सोडवली की बोलेल’ हीही अशीच एक समजूत. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही उच्चार अडतात, पण मूल बोलतच नाही याचे ते कारण नसते. आधी कान तपासावेत.

‘वॉकरमुळे लवकर चालायला लागते.’ उलट आहे. बाळ आत बसून पायाच्या बोटांनी जमीन ढकलते, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय पायऱ्या, चूल आणि गरम भांडी यांच्यापर्यंत ते क्षणात पोहोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्या मानाने बरा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. अर्थात तोही मोठ्यांच्या नजरेसमोरच वापरावा.

आणि मोबाईल. ‘मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घासच घेत नाही’ ही आता रोजची तक्रार आहे. दोन वर्षांच्या आतील मुलाला पडद्यासमोर बसवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे. मोबाईल एकतर्फी बोलतो, बाळाच्या ‘अगू’ला उत्तर देत नाही. ते उत्तर चिऊ-काऊचा घास भरवणारी आजीच देऊ शकते.

कोठे जावे, काय करावे

गरोदरपणी मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात केवळ लसींच्या तारखा नसतात, कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे याची चित्रेही असतात. ती पाने उघडून बघावीत. अंगणवाडी ताई व आशा ताई ती समजावून सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. त्याखाली आरोग्य पथके अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत अवश्य न्यावे. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे औषधही चुकवू नये. रक्त कमी असलेले मूल शिकण्यातही मागे पडते.

जन्मतः वजन फार कमी असलेले, उशिरा रडलेले, जास्त काविळीमुळे काचेच्या पेटीत ठेवावे लागलेले किंवा मेंदूज्वर होऊन गेलेले बाळ असेल, तर त्याच्याकडे अधिक बारकाईने लक्ष हवे. जमेल तेथे प्रत्येकच बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात करून घ्यावी. कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत ती होते, दुखत नाही. दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. कारण भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असते. ती वर्षे गेली की तीच गोष्ट शिकायला कितीतरी पट कष्ट पडतात.

आता त्या मुलीविषयी. तिला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती. कॅलेंडर पाहून मी तिला ‘बेरा’ चाचणीसाठी पाठवले. यात झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. दोन्ही कानांत बराच दोष निघाला. अकराव्या महिन्यात दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसली, वाचा-उपचार सुरू झाले. पुढच्या भेटीत आईने कॅलेंडर पुढे केले. नोंद होती : ‘कुकरची शिट्टी ऐकली. रडली.’ आज ती मुलगी गावच्या नेहमीच्या शाळेत जाते. आजी म्हणतात, बडबडीत ती बापाच्या वर आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच्या काही वर्षे आधी अशाच एका आईला मी स्वतः ‘दोन वर्षांपर्यंत वाट पाहू’ असे सांगितले होते. तिच्याजवळ कॅलेंडर नव्हते, नुसती शंका होती आणि मी ती हसण्यावारी नेली. ते मूल परत आले ते साडेतीन वर्षांचे होऊन. यंत्रे त्यालाही बसवली, पण हातची वर्षे गेली होती. तो आजही मोजकेच शब्द बोलतो. तेव्हापासून आईची शंका मी तपासल्याशिवाय खोडून काढत नाही.

पालकांनो, तुम्हीही एवढे करा. कॅलेंडरवर, वहीत, जमेल तेथे बाळाच्या नव्या गोष्टी तारखेसह लिहून ठेवा. रोज लिहायची गरज नाही, महिन्यातून चार ओळी पुरेत. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, आपल्याच बाळाच्या मागच्या महिन्याशी करा. आणि शंका आली, तर घरातले कोणी काहीही म्हणोत, डॉक्टरांकडे जा. सोबत ती वही न्या. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल, एवढेच.