वर लाकडाचा थाट, खाली खड्डे!

दिवाळीच्या तोंडावर दिवाणखान्यात लॅमिनेट फ्लोअरिंग बसते. दोन दिवसांत जुन्या मोझेकच्या फरशीचे रूप पालटते, शेजारणी कौतुक करून जातात. पण तीन-चार महिने उलटतात न उलटतात तोच सोफ्याजवळ पाय पडला की 'कर्र' असा आवाज येऊ लागतो. मग दोन फळ्यांमध्ये फट दिसते, तिच्यात केर अडकतो. घरातली माणसे फळ्यांना नावे ठेवतात. खरा दोष बहुतेक वेळा खालच्या जमिनीचा असतो.

लॅमिनेट म्हणजे सागवान नव्हे. लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि वर कठीण पारदर्शक थर, असा हा मामला. १९७७ साली स्वीडनमध्ये ही कल्पना निघाली. गोंदाविना एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या १९९०च्या दशकात आल्या. या फळ्या जमिनीला चिकटवत नाहीत, चटईसारख्या नुसत्या पसरलेल्या असतात. खाली खड्डा असेल तिथे फळी अधांतरी राहते, पावलागणिक लवते आणि एक दिवस जोडाची नाजूक कड तुटते.

''काळजी करू नका ताई, खाली फोम टाकतो, सगळे सारखे होईल,'' असे कारागीर सांगतो आणि पुष्कळजणी इथेच फसतात. दोन-तीन मिलिमीटरचा फोम आवाज कमी करतो, बारीकसारीक खडबड झाकतो. खड्डा भरत नाही. फोमचे दोन थर घातले तर जमीन गादीसारखी दबते आणि जोड आणखी लवकर जातात.

एक दिलासा मात्र आहे. जमीन पाणसळीत नसली, थोडी उतरती असली तरी चालते. ती सपाट हवी. मिस्त्रीकडची अ‍ॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि मागून टॉर्च मारा. जिथून उजेड येतो तिथे खड्डा! साधारणपणे दोन मीटर लांबीत तीन मिलिमीटरपर्यंतची फट चालते. नेमका आकडा खोक्यावरच्या सूचनांत वाचा. त्याच वेळी फरशी ठोकूनही पाहा. पोकळ वाजणारी, डुगडुगणारी फरशी आधी पक्की करून घ्यायला हवी.

उंचवटे ग्राइंडरने घासता येतात. खड्ड्यांसाठी आपोआप पसरून सपाट होणारे सिमेंटचे तयार मिश्रण मिळते. पैसे वाचवायला गुळगुळीत फरशीवर साधे सिमेंट कालवून ओतले तर त्याचे पापुद्रे निघतात. तयार मिश्रणालासुद्धा आधी फरशी खरवडून, धूळ आणि जुने मेण काढून प्रायमर लावावा लागतो. मग ते पूर्ण वाळू द्यायचे. पाहुणे उद्या येणार आहेत म्हणून घाई केली की ओल खाली कोंडते आणि फळ्या फुगतात.

ओलीचा प्रश्न तळमजल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, फारच मोठा. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून चोवीस तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा फरशी काळपट झाली तर काम थांबवा. जमीन कोरडी दिसली तरी फोमखाली पॉलिथिन अंथरायचेच. न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर गळती बंद होईपर्यंत लॅमिनेटचे नावही काढू नये. बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची सवय सुटणार नसेल, तर त्या घराला फरशीच बरी.

फळ्यांची खोकी त्याच खोलीत दोन दिवस आडवी ठेवावीत आणि भिंतीपाशी आठ-दहा मिलिमीटरची जागा सोडावी, कारण हवेनुसार फळ्या वाढतात, आखडतात. ही जागा स्कर्टिंगखाली झाकली जाते. राहता राहिली दारे. आठ मिलिमीटरची फळी आणि दोनचा फोम म्हणजे जमीन एक सेंटिमीटरने वर येते, खड्डा भरला असेल तिथे त्याहून जास्त. तेव्हा सुताराला रंधा घेऊन आदल्या दिवशीच बोलवा. नाहीतर नव्या जमिनीवर पहिला ओरखडा दारच काढते.