सात संस्कार

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे ठामपणे घोषित केले. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि याजकीय दीक्षा आयुष्यात एकदाच मिळतात. स्नानसंस्कारात डोक्यावर तीनदा पाणी ओततात. बाळ दगावेल अशी भीती असेल, तर धर्मगुरूंसाठी थांबायचे नाही. चर्चला अभिप्रेत हेतूने अन्यधर्मीय नर्सही तो देऊ शकते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. ख्रिस्तप्रसाद साऱ्या उपासनेचा गाभा. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही, अगदी न्यायालयातही, सांगू शकत नाहीत. लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार वधूवरच एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतात. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नसतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो मागता येतो.