नर्सिंगनंतर सिम्युलेशन : पुतळ्याशेजारची नोकरी

बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी रुग्णालय सोडून सिम्युलेशनच्या कंपनीत जाते म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "चार वर्षं शिकून आता पुतळे विकणार का?" मंडळातल्या काही पालकांनीही हेच विचारलं, म्हणून हे काम नेमकं काय असतं ते सांगते.

रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यावर सराव करणं ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेत १९११ मध्ये 'मिसेस चेस' ही माणसाएवढी बाहुली आली. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने 'रेससी ॲन' तयार केली. सीपीआर शिकवायला तिचे नवे अवतार आजही वापरतात. आताच्या महागड्या पुतळ्यांची छाती हलते, नाडी लागते, आणि काचेमागे बसलेली व्यक्ती त्यांचा रक्तदाब हवा तेव्हा खाली आणते.

पण यंत्राइतकंच ते चालवणारं माणूस महत्त्वाचं. 'मामा नताली' घ्या (नावातला मामा म्हणजे आई, आपला मामा नव्हे!). हे कृत्रिम पोट प्रशिक्षिका स्वतःच्या कमरेला बांधते आणि बाळंतीण होते. बाळ येतं, मग अंगावरून खोटं रक्त जाऊ लागतं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं मोठं कारण आहे. विद्यार्थिनी गोंधळली तर 'बाळंतीण' कण्हते, घाबरून हात धरते, आणि तेही विद्यार्थिनीच्या भाषेत. नंतर सगळ्या बसून बोलतात : काय दिसलं, काय सुटलं, मदत कधी मागितली. शिकणं मुख्यतः इथे होतं. हा प्रसंग रचायला आणि ही चर्चा घ्यायला वॉर्डात रात्रपाळ्या केलेली नर्सच लागते.

व्यापाराची बाजू इथूनच सुरू होते. एका कॉलेजात मी महागडा पुतळा प्लास्टिकसकट कपाटात पाहिला आहे. विकणारे गेले, शिकवायला कोणी आलं नाही. म्हणून कंपन्या नर्सिंगच्या पदवीधरांना आधी प्रशिक्षक म्हणून घेतात. पुढे परदेशी वितरक, निविदा, आयात शुल्क, चलनाचे चढउतार हे सांभाळायचं, तर इंटरनॅशनल बिझनेसमधलं एमबीए कामी येतं. आपल्याकडे २०२१-२२ पासूनच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशन आल्यामुळे कॉलेजांनाही अशी माणसं हवी आहेत.

मात्र घाई नको. निदान दोन वर्षं वॉर्डात काढावीत. विक्रीच्या जागेवर पगाराचा काही भाग टार्गेटवर असतो, फिरतीही बरीच, ते आधी विचारून घ्यावं. आणि राज्य परिषदेची नोंदणी चालू ठेवावी. उद्या परत वॉर्डात जावंसं वाटलं तर तीच लागेल.