बागेत बाक ठेवला, झालं?
ज्येष्ठस्नेही वसाहतीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्येष्ठांसाठी वसाहतीत काय सोय आहे असं विचारलं, की लोक बागेतला बाक दाखवतात. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज अडतं ते औषधं, भाजी आणि बँक यांच्या वाटेवर. सिंगापूरचं गृहनिर्माण मंडळ 1960 साली सुरू झालं. आज तिथले दहापैकी जवळपास आठ रहिवासी सरकारी घरांत राहतात आणि त्यांतले कित्येक जण त्याच इमारतींत म्हातारे झाले. त्यामुळे नेमकं कुठे अडतं, याचा अनुभव तिथे भरपूर आहे.

गैरसमज 1: लिफ्ट आहे, म्हणजे प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: सिंगापूरच्या जुन्या इमारतींनाही लिफ्ट होती, पण ती ठरावीक मजल्यांवरच थांबायची. पुढचा मजला-दोन मजले जिना. गुडघे गेलेल्या माणसाला तेवढा जिनाही घरात बसवायला पुरतो. 2001पासून हाती घेतलेल्या योजनेत पाच हजारांहून अधिक इमारतींमध्ये या लिफ्टची सुधारणा झाली. पण खाली उतरल्यावर रस्त्यापर्यंत तीन पायऱ्या असतील, तर सगळं मुसळ केरात. रॅम्प नंतर कसाबसा बसवता येत नाही. 1:12 चा उतार धरला, तर 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना 5.4 मीटर लांबी लागते. ती आराखड्यातच राखून ठेवावी लागते.

गैरसमज 2: बसायला कट्टा असला की पुरे.
वस्तुस्थिती: ठेंगण्या, बिनपाठीच्या कट्ट्यावर बसता येतं, उठताना मात्र कुणाचा तरी हात लागतो. साधारण 45 सेंटिमीटर उंच, पाठ टेकता येईल आणि ज्याच्या हातावर जोर देऊन उठता येईल, असा बाक हवा. तोही सावलीत आणि बाजाराच्या वाटेवर. पिशवी घेऊन परतताना दम लागतो, तिथे बाक नसेल तर बागेतल्या बाकांचा उपयोग काय?

गैरसमज 3: सिग्नल आहे, म्हणजे रस्ता सुरक्षित.
वस्तुस्थिती: पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबाने 12 मीटरचा रस्ता 10 सेकंदांत पार होतो. काठी टेकत 0.8 मीटरच्या वेगाने चालणाऱ्याला 15 सेकंद लागतात, म्हणजे सिग्नल बदलतो तेव्हा तो अजून रस्त्यातच असतो. सिंगापूरमध्ये 2009पासून ज्येष्ठांनी आपलं सवलत कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला लावलं, की हिरवा दिवा जास्त वेळ टिकतो. रस्त्याच्या रुंदीनुसार 3 ते 13 सेकंद वाढवून मिळतात. 2014पासून ज्येष्ठांची वस्ती जास्त असलेल्या भागांत ‘सिल्व्हर झोन’ आले. तिथे वाहनांचा वेग कमी ठेवतात आणि मधल्या दुभाजकावर थांबून रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

गैरसमज 4: विस्मरण सुरू झालं, की माणसाने एकट्याने बाहेर पडू नये.
वस्तुस्थिती: एकसारख्या इमारतींत नवा पाहुणाही चुकतो. सिंगापूरच्या काही वसाहतींत भिंतींवर मोठी, ओळखीची चित्रं रंगवली आहेत. इमारतीचा क्रमांक विसरला तरी चित्र आठवतं. दिसण्याचाही प्रश्न असतो: वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, म्हणून निळ्या-हिरव्या छटांतला फरक कळेनासा होतो. पायरीची कड उठून दिसणाऱ्या रंगात हवी. फरशीतला काळा पट्टा तर स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना खड्डाच वाटतो आणि पाऊल अडखळतं.

गैरसमज 5: म्हाताऱ्यांना वेगळी, शांत जागा लागते.
वस्तुस्थिती: ‘कंपुंग अ‍ॅडमिरल्टी’ या सिंगापूरच्याच संकुलात ज्येष्ठांसाठी 104 घरं आहेत. त्याच आवारात दवाखाने, खाद्यबाजार आणि पाळणाघर आहे, छतावर भाजीचे वाफे आहेत. 2018च्या जागतिक वास्तुकला महोत्सवात ही इमारत वर्षातली सर्वोत्तम ठरली. आपल्याकडे मुंबईत पुनर्विकासामुळे वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडून लोक 500 चौरस फुटांच्या घरांत, चाळीस मजली टॉवरमध्ये जात आहेत. स्वतंत्र संडास आणि लिफ्ट ही मोठीच सोय. पण दाराबाहेरच्या गॅलरीत येताजाता होणारी विचारपूस फ्लॅटच्या बंद दारामागे आपोआप होत नाही. त्यासाठी लिफ्टबाहेर चार जण टेकतील, एवढी जागा तरी आखावी लागते.

पुनर्विकासाच्या सभेत चर्चा बहुधा चटईक्षेत्रावरच अडते. आपल्या दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत पायऱ्या किती आणि बसायला जागा किती, हे दोन प्रश्नही बिल्डरला त्याच सभेत विचारावेत. उत्तर आराखड्यावर दाखवायला सांगावं.